नुसता ठेका वाजत होता

मिल्या, लोखंडी पाइप माणसाच्या डोक्यावर बसतो तेव्हा कसा आवाज येतो हे मला आता माहीत झालं आहे. ड्रमसारखा नाही येत. ओला येतो. जन्मभर तू मला ऐकायला शिकवलंस, हा फरक ऐक, तो फरक ऐक, आणि जाताना हा एक आवाज कानात ठेवून गेलास. आता शेजारी कोणी नारळ फोडला तरी मी भिंतीला चिकटतो. बायको म्हणते डॉक्टरकडे चला. डॉक्टर काय कान कापून देणार आहे?

तुला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. पेपरात दोन बोटांची बातमी आली: कोरपना तालुक्यात वरातीत धुमाल पार्टीचा ड्रमवाला गाडीवरून पडून ठार. पडून. वा रे पडून. पावसात ओल्या पत्र्यावर उभं राहून वाजवलंस, गाडीचा टायर फुटला तेव्हा एका हातानं सांगाडा धरून दुसऱ्या हातानं वाजवलंस, तेव्हा नाही पडलास. आणि त्या दिवशी सपाट डांबरी रस्त्यावर, उभ्या गाडीवरून पडलास म्हणे. ज्यानं ही बातमी दिली त्याला एकदा आपल्या धुमालवर उभं करायला पाहिजे. मेटॅडोरच्या पाठीवरचा तो लोखंडी सांगाडा, त्यावर ढोल, ड्रम, ऑर्गन, भोंगे आणि आपण चौघं, खाली जनरेटरचा धूर, पुढं नाचणारी वरात. पडायला तिथं जागाच नसते बे. माणसाला तिथून पाडावं लागतं.

तुला मारलं. हे मी पहिल्यांदा लिहून टाकतो, म्हणजे पुढं काही बोललो तरी ते राहून जाणार नाही.

आपली ओळखच मारामारीनं झाली होती. चंद्रपूरच्या कॉलेजचं गॅदरिंग, माझ्या गळ्यात गिटार, डोक्यात रॉक, आणि आमचा ड्रमर ऐन वेळी गायब. तू प्रेक्षकांतून उठून सरळ ड्रमवर येऊन बसलास. कोणी बोलावलं नव्हतं. मी माझी धून सुरू केली, रागाची, दात-ओठ खाऊन वाजवायची. आणि तू खाली पायानं मोठ्या ड्रमवर, प्रत्येक मात्रेवर, किक द्यायला लागलास. धम् धम् धम् धम्. मी मागं वळून डोळे वटारले तर तू हसलास आणि पाय आणखी जोरात मारलास. कार्यक्रम संपल्यावर पडद्यामागं मी तुझी कॉलर धरली, तू माझ्या तोंडावर बुक्की मारलीस, माझा पुढचा दात अर्धा तुटला. मी रक्त थुंकत तुझ्या बरगडीत गुडघा घातला. दोघं जमिनीवर लोळत होतो आणि तू खालून मला विचारलंस, पोट्टे नाचले का नाई, ते सांग. नाचले होते, साल्या. माझ्या धुनेवर कोणी कधी नाचलं नव्हतं.

तेव्हापासून वीसेक वर्षं आपण एकच भांडण भांडलो. माझं म्हणणं असं की रॉकमध्ये किक बोलते आणि थांबते, त्या रिकाम्या जागेत स्नेअरचा, त्या छोट्या कडक ड्रमचा, फटका बसतो, आणि त्या थांबण्यातच राग असतो. तुझा डिस्को थांबतच नाही. पिठाची गिरणी. मी तुला चक्कीवाला म्हणायचो. आठवते ना ती खदानीजवळची खोली? दुपारी कोळशाच्या खदानीत ब्लास्टिंग व्हायचं, पत्रे थरथरायचे, वरून कोळशाची भुकटी गिटारवर पडायची. मी म्हणायचो, हे ऐक, हा रॉक आहे, एकदा फुटतो आणि काम तमाम. तू म्हणायचास, ब्लास्टिंग झाल्यावर डंपर दिवसभर चालते, खदान डंपरवर चालते, ब्लास्टिंगवर नाई.

एकदा चिडून म्हणालास, "तुह्या रॉकचा राग डोस्क्यात असते, नऱ्या. माह्यावाला पायात असते. लाथ कायनं मारते माणूस?"

मी तुझी काडी हिसकून मोडली. तू माझी तार कापलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खोलीत.

चिमूरचा कार्यक्रम मी विसरत नाही. लोक नाचगाण्याला आले होते आणि आपण त्यांना कडक रॉक ऐकवायला लागलो. पहिल्या गाण्यात शिट्ट्या, दुसऱ्यात शिव्या, तिसऱ्यात खुर्च्या. एक खुर्ची माइकला लागली, गाणारा उडी मारून पळाला. दुसरी तुझ्या भुवईवर. रक्त डोळ्यात जाऊन तुझं अर्धं तोंड लाल झालं आणि मी गिटार दांडक्यासारखी धरून खाली उडी मारायला निघालो. तू मागून ओरडलास, वाजवत राह्य, वाजवत राह्य. आणि माझ्याच धुनेखाली तू ठेका बदललास. प्रत्येक मात्रेवर किक, दोन किकच्या मध्ये झांज उघडी सोडायची, त्स, त्स. ऑर्गनवाल्यानं डाव्या हातानं खालचा-वरचा एकच सूर उड्या मारत धरला. माझी धून तीच, राग तोच, एक सूरही बदलला नाही. पण ती एकदम उभी राहिली. खाली ज्यांनी खुर्च्या फेकल्या होत्या तेच लोक खुर्च्या डोक्यावर धरून नाचायला लागले. तुझ्या हनुवटीवरून रक्त ड्रमवर पडत होतं आणि प्रत्येक ठोक्याला वर उडत होतं. माझ्या शर्टावर आलं. मी शिव्या देत होतो, रडत होतो, आणि खोटं कशाला बोलू, इतकं छान मी आधी कधीच वाजवलं नव्हतं.

हे मी तुला सांगितलं नाही. परतीच्या गाडीत तू दस्ती भुवईवर दाबून माझ्याकडं पाहत होतास, एक शब्द ऐकायला. मी म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तू अंगणच नाचवलंस, भैताडा. तुला तेवढं पुरलं. खिडकीतून बाहेर थुंकून हसलास आणि झोपलास.

मग तू मोबाइलवर ते सगळं शोधायला लागलास. डिस्को कुठून आला, कुठी गेला. एका दुपारी मला दाखवलंस, तिकडे अमेरिकेत रॉकवाल्यांनी डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग एका मैदानात लावला आणि स्फोटानं उडवून दिला. मग पब्लिक मैदानात घुसली, आगी लावल्या, तोडफोड केली. मी म्हणालो, बरं केलं. मस्करीत म्हणालो रे. पण तू हसला नाहीस. मोबाइल उलटा ठेवलास. म्हणालास की तबकडी तर निमित्त आहे, नाचत कोण होते ते पाह्य. काळे पोट्टे होते, ज्यायले घरचे घरात घेत नव्हते ते होते. त्यायचं नाचणं डोळ्यात खुपलं. तबकडी फोडता येते, माणूस फोडला तर केस होते.

मग तू मला गाण्यांवर गाणी ऐकवलीस. त्या स्फोटाच्या आधीची आणि नंतरची. मोठमोठे रॉकवाले, अंगावर काटा आणणारी गिटार, आणि खाली ऐकलं तर काय? तुझीच चक्की. चारी मात्रांवर किक. शिव्या घालता घालता ठेका खिशात घातला होता लोकांनी. नंतर तोच मशीनवर चढला, नवी नवी नावं घेतली आणि जगभर फिरला, आपल्या सिनेमात आला, भजनात आला, गणपतीत आला. "मेला नाई तो," तू म्हणालास. "नाव बदलून आला. आपण खोली भाड्यानं घेताना आडनाव बदलून सांगतो, तसा."

‘आपण’ म्हणालास, पण खोलीसाठी आडनाव बदलावं लागायचं ते तुला. मी ढिवराचा पोरगा, बापानं जन्मभर तलावात जाळं टाकलं, आम्हाला कोणी पाटावर नाही बसवलं, पण दार उघडायचे. म्हणून मी त्या दिवशी वाद वाढवला नाही. गिटार पुसत बसलो.

तुझ्यावर हात काही परक्यांनीच उचलला असं नाही. पहिल्यांदा जयंतीच्या मिरवणुकीत तू भीमगीताखाली डिस्को घातलास तेव्हा तुमच्याच वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं गाडीवर चढून तुझ्या कानाखाली काढली. बाबासाहेबांच्या गाण्यावर कंबर हलवायला लावतो का, म्हणून. तू गाल चोळत खाली उतरलास, त्याच्या पाया पडलास, परत वर चढलास आणि तोच ठेका धरलास. पुढच्या वर्षी तो म्हातारा गाडीच्या पुढं नाचत होता, धोतर सावरत. तिकडे एटापल्लीच्या पलीकडं एका माडिया गावात लग्नाला गेलो होतो तेव्हा बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून रेला म्हणत फेर धरत होत्या. ढोल नाही, काही नाही, नुसती पावलं जमिनीवर. तू चपला काढून जमिनीला कान लावून आडवाच झालास. मला खाली ओढलंस आणि म्हणालास, ऐक, किक. खरंच सगळ्यांचा पाय एकदम पडत होता आणि जमीन खालून उत्तर देत होती. हा ठेका कोणाच्या बापाचा नाई, तू म्हणालास. मी म्हणालो, मग अमेरिकेवाल्यांनी एटापल्लीतून चोरला का? तर म्हणे, चोरला नाई, त्यायलेही पाय आहे.

रॉक बँड काही चालला नाही. चंद्रपुरात कोण ऐकतो? आपण धुमालवर आलो. बाकीच्या पार्ट्यांत बेंजो असतो, आपल्यात गिटार, म्हणून लोक आपल्याला बोलवायचे. आणि तुझा तो एक रिवाज. वरात कोणाचीही असो, रस्त्यात विहार लागलं की गाडी मिनिटभर थांबायची आणि भीमगीताचं एक कडवं वाजायचं. सलामी. मग गाडी पुढं. देवळापुढं हनुमानाची वाजवायचास, दर्ग्यापुढं कव्वालीची. सुपारी घेताना सांगायचास, सलामी होईल, चालत असेल तर बोला. कोणी नाही म्हणालं नाही. दोनदा कुरकुर झाली, तू हसून निभावून नेलंस. आपल्या पार्टीची ती ओळखच झाली होती.

आता त्या दिवसाचं. तुला माहीत आहे, तरी सांगतो. बाकीचे सगळे चुकीचं सांगून राह्यले म्हणून सांगतो.

कोरपन्याच्या पलीकडचं गाव. दिवस मावळायचा होता, गरम हवा, सिमेंटची धूळ दातांत. वरात तासभर चालून कंटाळली होती. विहार आलं, पांढऱ्या चुन्याचं, लहानसं, पंचशील झेंडा लावलेलं. गाडी थांबली. तेवढ्यात नवरदेवाचा मामा खालून ओरडला, नवरीच्या आवडीचं ते सिनेमातलं गाणं होऊ द्या आधी. तू मान हलवलीस. मला म्हणालास, हे होऊन जाऊ दे, सलामी नंतर. मी ऑर्गनवाल्याला सांगितलं, त्यानं सूर लावला. सगळं त्यांच्याच गाण्याचं ठरलं होतं. आणि नेहमीसारखा तू आधी नुसता ठेका सोडलास. ना सूर, ना गाणं. उघडी किक. लोकांचे पाय लागले की मग आपण घुसायचं, ही आपली रीत.

त्याच ठेक्यावर तू भीमगीत वाजवायचास, त्याच ठेक्यावर सिनेमातलं, त्याच ठेक्यावर हनुमानाचं. त्या ठेक्याला जात नव्हती. पण विहारापुढं तो वाजला आणि नवरदेवाच्या चुलतभावाला वाटलं, झाली सलामी सुरू. आमच्या वरातीत हे नाई चालणार, असं काहीतरी तो ओरडला. भोंग्यांच्या आवाजात तुला काय ऐकू येणार? तू तर डोळे मिटून वाजवत होतास. तो लाइटच्या स्टँडचा पाइप उपटून मागून वर चढला. मला दिसला. मी ओरडलो. तुझा पाय तेव्हाही चालू होता, मिल्या. पाइप बसल्यावरही एकदा किक पडली. मग तू पुढं ड्रमवर पालथा झालास आणि त्यानं दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं. मी गिटार फिरवून त्याच्या तोंडावर घातली. गिटारची मान तुटली, त्याचं नाक फुटलं. मग खालून लोक चढले. माझी बोटं कोणीतरी बुटाखाली चिरडली, पाठीत लाथा, डोक्यावर काय काय. ऑर्गनचे दात उधळले. कोणीतरी तुझा ड्रम चाकूनं फाडला, मेलेल्या जनावराचं कातडं फाडतात तसा. नवरदेव घोड्यावर बसून रडत होता, बिचारा पोरगा, थांबा म्हणत होता. आणि तो पाइपवाला खाली उतरून नाकाचं रक्त पुसत म्हणत होता, सांगितलं होतं ना, सांगितलं होतं ना.

काय सांगितलं होतं रे भडव्या? तुझ्याच घरचं गाणं होतं.

चंद्रपूरला नेताना तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. राजुऱ्याच्या अलीकडं तुझा उजवा पाय दोनदा हलला. मी म्हणालो, चक्की सुरू झाली, आता वाचतोस. मग नाही हलला. सुजाता वहिनी दवाखान्याच्या दारात उभी होती, हातात तुझा धुतलेला शर्ट, कोणीतरी सांगितलं होतं थोडं लागलं आहे म्हणून. तिनं माझी पँट पाहिली, मांडीपासून खाली लाल, आणि शर्टाची घडी करत राहिली.

त्यानंतर मी माणसात नव्हतो. घरातलं एक कपाट फोडलं, हाताला टाके पडले. तो पाइपवाला जिथं राहतो त्या गावच्या रस्त्यानं दोनदा गाडी नेली, डिक्कीत काय होतं ते इथं लिहीत नाही. दोन्ही वेळा तुझा आवाज आला, भैताडा, दोघंही गेलो तर वाजवेल कोण? आणि मी गाडी वळवली. म्हणून तो जिवंत आहे. तुझे उपकार त्याच्यावर आहेत, त्याला कधी कळणार नाहीत.

मग समझोतेवाले आले. नवरदेवाचा मामा, दोन-चार मोठी माणसं, चहा पिऊन बसली माझ्याकडं. म्हणाले, गाडीनं झटका दिला आणि पडला, असं सगळं गाव सांगतं, तुम्हीही तसंच सांगा. ऑर्गनवाल्यानंही ठाण्यात तसंच सांगितलं होतं, त्याला त्याच रस्त्यानं रोज जावं लागतं, मी त्याला दोष देत नाही, पण तोंड पाहत नाही. मामा शेवटी हळू आवाजात म्हणाला, "नरेशभाऊ, तुम्ही त्यायच्यातले थोडीच आहा?"

मी कप त्याच्या पायाशी फोडला. म्हणालो, मी त्याच्यातलाच आहे, आम्ही एकाच ठेक्यातले. निघाले मुकाट्यानं.

पण आगीतून निघून फुफाट्यात पडलो. दुसऱ्या बाजूनं तुमच्या वस्तीतलं मंडळ आलं. अध्यक्ष रोशन, तुझाच चेला, तूच त्याला ढोल शिकवलास. रडून रडून डोळे सुजले होते त्याचे. मोर्चा काढू म्हणाला, बॅनर छापलं होतं: भीमगीत गाता गाता शहीद. मी म्हणालो, रोशन, तो भीमगीत वाजवत नव्हता. तो म्हणाला, वाजवणारच होता ना नंतर? मी म्हणालो, नंतरचं नंतर. तो म्हणाला, दादा, तुम्ही असं बोललात तर केस ढिली होईल, लोक म्हणतील जातीवरून नाही झालं, सिनेमाच्या गाण्यावरून झालं, दारूत झालं, ते सुटतील. तुमचं काय जातं? मी त्याला ढकललं. त्यानं मला ढकललं. तुझ्याच फोटोपुढं, तुझा मित्र आणि तुझा चेला, एकमेकांच्या कॉलरीला धरून. तू असतास तर मध्ये पडून दोघांनाही हाणलं असतंस.

पण मला प्रश्न पडला, मिल्या, खरंच पडला. मी खरं बोललो आणि तो सुटला तर? खोटं बोललो, तुझ्या तोंडात न वाजवलेलं गाणं घातलं, आणि तो आत गेला तर? तू कशाला राजी झाला असतास? वीस वर्षं माझ्या एकाही गोष्टीला राजी झाला नाहीस, आता विचारलं तर बोलत नाहीस.

सुजाता वहिनीनं विचारलं एकदा. चुलीपाशी बसली होती, भात उतरवत होती. म्हणाली, काय वाजवून राह्यले होते ते? मी सगळं सांगितलं. मामानं मागितलेलं गाणं, सूर लावलेला, नुसता ठेका, त्याला वाटलं ते. तिनं भाताचं झाकण उघडून परत ठेवलं. म्हणाली, जेवून जा.

तुझ्या शोकसभेला, पुण्यानुमोदनाला, विहार भरून गेलं होतं. वंदना झाली, भंतेजी बोलले, रोशन बोलला, शहीद शहीद म्हणताना त्याचा आवाज फुटला. मग मला उभं केलं. माझी बोटं अजून पट्टीत. मी म्हणालो, मिलिंदनं जन्मभर भीमगीतं वाजवली, पण मरताना तो भीमगीत वाजवत नव्हता. वरातवाल्यांचंच गाणं सुरू व्हायचं होतं. नुसता ठेका वाजत होता.

एकदम कल्लोळ झाला. कोणी म्हणालं विकला गेला. कोणी म्हणालं शेवटी ढिवर तो ढिवरच, परका तो परका. मागून एक चप्पल आली, छातीवर लागली. एका पोरानं माझ्या हातातला माइक ओढला, पट्टीतली बोटं पिरगळली गेली, डोळ्यापुढं अंधारी आली. मी खाली बसलो. मला त्यांचा राग आला नाही, शपथ. तुझ्यासाठी कोणी चप्पल फेकतं याचं बरंच वाटलं. कोणी फेकली नसती तर मी काय केलं असतं?

सुजाता वहिनी उठली. पांढरं लुगडं, पदर खोचलेला. ती भांडणात कधी पडत नाही, तुला माहीत आहे, आपण दोघं अंगणात एकमेकांचे गळे धरायचो तेव्हाही ती कपडे वाळत घालत राहायची. ती गर्दीतून सरळ माझ्यापाशी आली, हात धरून उठवलं आणि म्हणाली, "चाला, ठाण्यात." रोशनलाही म्हणाली, तू पण चाल, अन् ते बॅनर काढ.

ठाण्यातल्या मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मी सुरुवातीपासून सांगितलं, त्या लिहीत होत्या. विहार, मामाची फर्माईश, ठेका, पाइप, किती वार, कुठून. मग त्यांनी विचारलं, मारण्याचं कारण काय? मी म्हणालो, त्याला वाटलं भीमगीत सुरू झालं. मॅडमनी लिहायला घेतलं: भीमगीत वाजवल्याच्या कारणावरून. रोशन मागून म्हणाला, बरोबर आहे मॅडम, लिहा.

वहिनीनं टेबलावर हात ठेवला. "नाई," ती म्हणाली. "त्याच्या मनात काय होतं ते लिवा. आमची जात होती, विहार होतं, त्याच्या डोस्क्यात घाण होती, सगळं लिवा. पण माह्या नवऱ्यानं वाजवलं म्हणून मारलं, असं लिवू नका. ते भीमगीत वाजवत असते तरी ते कारण नोतं. सिनेमाचं वाजवत होते तरी ते कारण नाई. गाव म्हणते पडले, हे मंडळवाले म्हणते शहीद झाले, अन् जो तो त्या माणसाले कारण देऊन राह्यला. माह्या नवऱ्यानं त्याले काहीच कारण देलं नाई."

मॅडमनी वहिनीकडं पाहिलं आणि लिहिलेली ओळ खोडली. नवी लिहिली. वाचून दाखवली. रोशन भिंतीला टेकून रडत होता.

मग त्यांनी मारणाऱ्याचं नाव मला विचारलं. मिल्या, मी ते सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, ठाण्याबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.